तेहतीस मिलिसेकंदांतला सह्याद्री

गेममधला दगड ओला आहे हे आपल्याला कशावरून कळतं? त्याला हात लावता येत नाही, मातीचा वास येत नाही, आपला पाय घसरत नाही. तरी टीव्हीवर तो दगड दिसताक्षणी मन म्हणतं, इथे नुकताच पाऊस पडून गेलाय. या एका प्रश्नाच्या मागे लागलं की आजच्या मोठ्या गेममधल्या दृश्यांची बरीचशी कारागिरी उलगडते. म्हणून या लेखात मी त्या दगडापाशी पुन्हा पुन्हा येणार आहे.

दगड कुठला तेही सांगतो. ‘अनचार्टेड: द लॉस्ट लेगसी’ हा गेम ऑगस्ट २०१७ मध्ये प्लेस्टेशन ४ या सोनीच्या गेमयंत्रावर आला. तो बनवणारा नॉटी डॉग हा स्टुडिओ अमेरिकेत, कॅलिफोर्नियातल्या सांता मोनिकाचा. गोष्ट मात्र भारतातली. क्लोई फ्रेझर आणि नदीन रॉस या दोघी गणपतीच्या तुटलेल्या सुळ्याच्या शोधात होयसळ राजवटीच्या हरवलेल्या वैभवापर्यंत पोचतात. परशुरामाच्या परशूने गणपतीचा दात कसा तुटला ही कथा आपल्याकडे घरोघरी लहानपणीच कानावर पडते. गेमची सगळी गुंफण तिच्याभोवती आहे. आणि चौथ्या प्रकरणाचं नावच मुळी ‘द वेस्टर्न घाट्स’. म्हणजे आपलाच घाट, जरा दक्षिणेकडचा.

ते प्रकरण मी पहिल्यांदा खेळलो तेव्हा पावसाळा चालू होता. आदल्याच आठवड्यात राजमाचीला जाऊन आलो होतो, बूट अजून गॅलरीत वाळत होते. जीप खोऱ्यात उतरली, समोर हिरवी कुरणं, त्यांतून वाहणारं पाणी, चिखलाची वाट, लांब धबधबे आणि धुक्यात अर्धवट बुडालेले डोंगर. मी कंट्रोलर मांडीवर ठेवून नुसता बघत बसलो. गेममध्ये भारत याआधीही पाहिला होता, पण तो बहुतेक वेळा पिवळट धुळीचा, गर्दीचा, सपाट. हा ओला होता. हे त्यांनी कसं साधलं याचा पिच्छा मी तेव्हापासून पुरवतोय.

एका फ्रेमची मजुरी

आधी हिशेब. ॲनिमेशनपटाची एक फ्रेम, म्हणजे एक स्थिर चित्र, तयार व्हायला संगणकाला कित्येक तास लागू शकतात. लागू देत, प्रेक्षक ती फ्रेम वर्षा-दोन वर्षांनी थिएटरात बघणार असतो. गेममध्ये ती सोय नाही. मी कंट्रोलरवरची काडी डावीकडे ढकलली की क्लोईने त्याच क्षणी डावीकडे बघितलं पाहिजे, आणि तिला काय दिसेल ते चित्र तेव्हाच्या तेव्हा जन्माला आलं पाहिजे. हा गेम प्लेस्टेशन ४ वर सेकंदाला ३० चित्रं काढतो. म्हणजे एका चित्राला ३३ मिलिसेकंद. डोळ्याची पापणी एकदा लवायला १०० मिलिसेकंदांहून जास्त वेळ जातो. तेवढ्यात इथे तीन चित्रं काढून झालेली असतात.

चित्र तरी केवढं? १०८० पी म्हणजे १९२० गुणिले १०८०, एकूण २०,७३,६०० ठिपके. सेकंदाला ३० वेळा म्हणजे ६ कोटी २२ लाख ठिपक्यांचा रंग ठरवायचा. आणि याच ३३ मिलिसेकंदांत जीपचं चाक कुठल्या खड्ड्यात आहे, झाडामागचा बंदूकधारी काय करतोय, पाण्याचा आवाज डाव्या कानात जास्त की उजव्या, हेही बघायचं. चित्राच्या वाट्याला यातला एक हिस्साच येतो.

जागेचाही तोटा असतो. प्लेस्टेशन ४ ची मेमरी ८ जीबी, त्यातही काही भाग यंत्र स्वतःसाठी राखून ठेवतं. दगडाच्या पृष्ठभागावर जे चित्र चिकटवतात त्याला टेक्स्चर म्हणतात. २०४८ गुणिले २०४८ ठिपक्यांचं एक टेक्स्चर तसंच ठेवलं तर १६ एमबी खातं, दाबून बसवलं तर ४ एमबी. एका दगडाला अशी किमान तीन लागतात, एक रंगाचं, एक उंचसखलपणाचं, एक खरखरीतपणाचं. झाले १२ एमबी. असे ४०० वेगवेगळे पृष्ठभाग एका वेळी हाताशी ठेवायचे म्हटलं तर ४,८०० एमबी तिथेच संपले. त्यात अजून क्लोईचा चेहरा नाही, आवाज नाहीत, हालचाली नाहीत.

म्हणून ‘ग्राफिक्स भारी आहेत’ असं आपण म्हणतो तेव्हा कळत-नकळत आपण एका काटकसरीचं कौतुक करत असतो. कुठे खर्च केला, कुठे हात आखडला आणि ते आखडणं कसं जाणवू दिलं नाही, याचं. माझ्या मते या कामात यंत्राच्या ताकदीपेक्षा माणसाच्या निरीक्षणाचा वाटा मोठा आहे, आणि हा गेम त्याचा चांगला पुरावा आहे.

दगड घडवताना

गेममधली प्रत्येक वस्तू त्रिकोणांची बनलेली असते. कलाकार आधी संगणकावर दगड अक्षरशः कोरतो. डिजिटल माती असते, तिला खरवडायचं, चेपायचं, चिरा पाडायच्या. या मूळ शिल्पात त्रिकोणांची संख्या लाखांत, कधी कोटीत जाते. ते शिल्प गेममध्ये जसंच्या तसं ठेवणं त्या यंत्राला झेपत नाही. मग त्याच आकाराचा एक सुटसुटीत दगड करतात, काहीशे किंवा काही हजार त्रिकोणांचा, आणि मूळ शिल्पावरच्या खाचाखोचांची फक्त दिशा एका चित्रात नोंदवून ठेवतात. या चित्राला नॉर्मल मॅप म्हणतात. ते दिसायला निळसर जांभळं असतं, कारण त्यातला रंग हा रंग नसतोच. ती दिशा असते. सरळ बाहेर तोंड करून असलेला भाग निळा, कललेला भाग कललेल्या बाजूनुसार लालसर किंवा हिरवट. प्रकाश पडला की यंत्र या नोंदी वाचतं आणि सपाट जागेवर चीर असल्यासारखी उजेड-सावली धरतं. दगड प्रत्यक्षात गुळगुळीतच असतो. कडेने बघितलं तर फसवणूक उघडी पडते, कारण बाहेरची कड सरळच राहते. त्यामुळे कुशल कलाकार खरे त्रिकोण कडेसाठी राखून ठेवतो आणि मधल्या भागाचं काम नोंदींवर भागवतो.

आता ओलेपणा. वाड्याच्या दगडी अंगणात दुपारी पाण्याची बादली ओतून बघा. करडी फरशी एकदम काळी पडते आणि चमकायला लागते. या एकाच वेळी घडणाऱ्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कोरडा दगड खडबडीत आणि सच्छिद्र असतो, त्यावर पडलेला प्रकाश चहूकडे विखुरतो, म्हणून तो फिका दिसतो. पाणी त्या छिद्रांत शिरलं की प्रकाश आत जातो, पाण्याच्या पापुद्र्यात पुन्हा पुन्हा आदळतो आणि त्यातला बराच दगडातच मुरतो. म्हणून काळपटपणा. वरचा पाण्याचा थर मात्र आरशासारखा सपाट असतो, तो आभाळ परतवतो. म्हणून चमक.

गेममध्ये पृष्ठभागाच्या खरखरीतपणाला एक आकडा असतो. घासलेल्या समईचा कमी, न घासलेल्या समईचा जास्त. पितळ तेच, पण उजेड एकीवर टोकदार ठिणगीसारखा दिसतो आणि दुसरीवर पसरतो. दगड ओला करायचा म्हणजे त्याचा रंग गडद करायचा आणि खरखरीतपणाचा आकडा खाली आणायचा. सोपं वाटतं, पण घाईत केलेल्या कामात इथेच चूक होते. पावसात लोखंडी कडीही काळी पडलेली दिसते. लोखंडात पाणी मुरत नाही, ते नुसतं चमकायला हवं. लाकूड भरपूर पितं, माती त्याहून जास्त, तुळतुळीत लादी जवळजवळ नाहीच. कुठला पदार्थ किती पाणी पितो हे कुणीतरी बसून ठरवलेलं असतं, आणि ते बरोबर ठरवलं असेल तर आपल्या लक्षातही येत नाही. आपल्याला फक्त वाटतं, पाऊस पडून गेलाय.

त्यावर शेवाळ. खोऱ्यात शेकडो दगड, प्रत्येकावर हाताने शेवाळ कोण रंगवणार? मग नियम लिहितात: पृष्ठभागाचा जो भाग आभाळाकडे तोंड करून आहे तिथे शेवाळाचं टेक्स्चर मिसळा. दगड कसाही फिरवला तरी शेवाळ वरच्या अंगाला येतं. नियम चांगला आहे, पण तेवढ्यावर थांबलं की सगळे दगड टोपी घातल्यासारखे दिसतात. सह्याद्रीत फिरणाऱ्याला माहीत असतं की शेवाळ पाणी झिरपतं त्या रेषेने उतरतं, उन्हाच्या बाजूला पातळ होतं, सावलीच्या घळीत दाट होतं. म्हणून नियमाने केलेल्या कामावर पुन्हा माणसाचा हात फिरतो.

आणि एक जागा अशी आहे जिथे कच्चं काम हमखास पकडलं जातं: दगड जमिनीला भेटतो ती रेष. निसर्गात दगड जमिनीवर ठेवलेला नसतो, रुतलेला असतो. त्याच्या पायाशी वाहून आलेली माती साठते, पाचोळा अडकतो, ओल टिकते म्हणून गवत उंच वाढतं. गेममध्ये मात्र दगड ही एक वस्तू आणि जमीन ही दुसरी, दोन्ही एकमेकांत घुसवलेल्या, आणि मधे सुरीने कापल्यासारखी रेष. ती लपवायला कलाकार मातीचा रंग दगडावर थोडा चढवतो, खडे पेरतो, गवताचा झुपका लावतो, कोपऱ्यात सावली गडद करतो. कुठल्याही गेममध्ये मी आधी तिथे बघतो.

पान महाग पडतं

एवढं सगळं दगडाचं झालं, तरी दगड परवडला. घाट रंगवणाऱ्याला खरा घाम फोडतं ते पान.

एका झाडाला हजारो पानं. प्रत्येक पान आकाराप्रमाणे घडवलं तर एका झाडातच सगळं बजेट संपेल. म्हणून पानांचा आख्खा डहाळा एका सपाट पत्त्यावर छापतात, पानांबाहेरचा भाग पारदर्शक ठेवतात, आणि असे पत्ते वेगवेगळ्या कोनांत फांदीला लावतात. लांबून झाड भरगच्च दिसतं. पण पारदर्शकतेची किंमत मोजावी लागते. पत्त्यामागे पत्ता, त्यामागे पत्ता. स्क्रीनवरच्या एकाच ठिपक्यासाठी यंत्राला पुन्हा पुन्हा विचारावं लागतं, इथे पान आहे की भोक? दाट जंगलात हा प्रश्न एका ठिपक्यामागे दहा-दहा वेळा येतो. ३३ मिलिसेकंद असे चोरपावलांनी निघून जातात. उघड्या माळाचा गेम करणं आणि घाटातल्या पावसाळ्याचा गेम करणं यांत हा फरक आहे.

त्यात पान हलायला हवं. स्थिर झाड फोटोत चालतं, गेममध्ये ते लगेच मेलेलं दिसतं. इथली युक्ती मला फार आवडते. झाडाच्या प्रत्येक बिंदूला एक रंग दिलेला असतो, पण तो आपल्याला कधीच दिसत नाही. तो वाऱ्याची आज्ञा असतो. बुंध्याजवळ काळा म्हणजे हलू नकोस, फांदीच्या टोकाला उजळ म्हणजे खूप हल. दुसरा एखादा रंग सांगतो की हे पान शेजाऱ्यापेक्षा जरा उशिरा हलू दे, नाहीतर सगळी पानं कवायत केल्यासारखी एकदम डोलतील. यंत्र एकच लाट सोडतं आणि प्रत्येक बिंदू आपापल्या रंगानुसार तिला उत्तर देतो. क्लोई झुडपातून सरकली की झुडूप बाजूला होतं, त्यातही हेच तत्त्व आहे, फक्त वाऱ्याच्या जागी तिचं शरीर.

याच वाटेने पुढे जाऊन २०२० मध्ये ‘घोस्ट ऑफ त्सुशिमा’ या जपानी बेटावरच्या गेममध्ये सकर पंच या स्टुडिओने गवताचं पातं न् पातं वेगळं, वक्ररेषेसारखं, चालू खेळात यंत्राकडून वाढवून घेतलं. आणि वाऱ्यालाच वाटाड्या केलं: जायचं कुठे ते गवत ज्या बाजूला झुकतं त्यावरून कळतं. नकाशाचा बाण नाही. पडद्यावरची शोभा आणि खेळाची गरज इतकी एकजीव झालेली मी फार कमी वेळा पाहिली आहे.

लांबच्या झाडांचं काय? ती हळूहळू स्वस्त होत जातात. जवळचं झाड पूर्ण, पन्नास पावलांवरचं निम्मं, समोरच्या डोंगरावरचं म्हणजे नुसतं झाडाचं चित्र लावलेली एक पाटी. जवळ जाताना पाटीचं झाड होतं तो क्षण दिसला तर रसभंग होतो. खेळणारे त्याला ‘पॉप-इन’ म्हणतात. तो लपवायला झाड विरघळल्यासारखं बदलतात, किंवा बदल धुक्यात उरकतात. अशा गेममध्ये आपण चिंचोळ्या फटीतून अंग चोरून सरकतो ना, त्यामागेही बहुधा हेच कारण असतं. त्या दहा सेकंदांत जुनी जागा मेमरीतून काढून नवी भरली जाते. डिस्क हळू होती, म्हणून वाट अरुंद केली.

ऊन आदल्या रात्री शिजवून ठेवायचं

पंगतीत दोनशे पानं एकदम वाढायची असतील तर वाटण-घाटण आदल्या रात्रीच करून ठेवतात. गेममधल्या प्रकाशाचं तसंच आहे.

सूर्याचा प्रकाश थेट दगडावर पडतो हा हिशेब त्यातल्या त्यात सोपा. अवघड असतो तो उसळलेला प्रकाश. ऊन लाल मातीवर पडतं, तिथून उसळतं आणि पानाच्या खालच्या अंगाला तांबूस झाक देतं. पडक्या मंडपात दारातून आलेलं ऊन फरशीवर पडतं आणि छत मंद उजळतं. सूर्य छताला दिसतसुद्धा नाही. हे उसळणं दोन-तीन टप्प्यांपर्यंत मोजायचं तर ३३ मिलिसेकंद कुठेच पुरत नाहीत. म्हणून नॉटी डॉगच्या त्या काळातल्या गेममध्ये हा हिशेब स्टुडिओतले संगणक आधीच करून ठेवतात, आणि कुठल्या भिंतीवर किती उजेड हे उत्तर टेक्स्चरमध्ये साठवतात. याला लाइट बेक करणं म्हणतात. खेळताना यंत्र फक्त उत्तर वाचतं.

याची किंमत अशी की सूर्य हलू शकत नाही. ‘द वेस्टर्न घाट्स’ मध्ये तुम्ही तासन्‌तास जीप फिरवा, दिवस मावळत नाही. याउलट २०१८ च्या ‘रेड डेड रिडेम्प्शन २’ मध्ये सकाळ होते, दुपार तापते, रात्र पडते, वादळ येतं. तिथे प्रकाश असा आधीपासून गोठवून चालत नाही. लोक विचारतात, यात श्रेष्ठ कोण? मला हा प्रश्नच चुकीचा वाटतो. ज्या गेमला जगण्याची लय हवी त्याला फिरता सूर्य लागतो. ज्याला एक प्रसंग एका ठरावीक क्षणी दाखवायचा आहे त्याला थांबलेला सूर्य बरा, कारण मग कलाकाराला प्रत्येक कमानीची सावली नेमकी कुठे पडावी ते ठरवता येतं. आपण या खोऱ्यात वाट चुकत नाही ते पुष्कळदा यामुळेच. जिथे जायचं त्या दारावर जरा जास्त उजेड आहे, जिथे काही नाही तो कोपरा सावलीत ठेवलाय.

वाट दाखवण्याचं आणखी एक साधन खोऱ्याच्या मधोमध आहे. तिथे एक मनोरा आहे. वर चढलं की तीन बाजूंना जुने गड दिसतात आणि क्लोई ते नकाशावर टिपते. तुम्हाला ही जागा सुंदर वाटते, आणि ती आहेच, पण तिचा पहिला आराखडा सुंदर नसणार. अशा जागा आधी राखाडी खोक्यांनी मांडतात: हे खोकं म्हणजे मनोरा, हा उतार म्हणजे वाट, इथून तिकडचं दिसतंय का? झाड नाही, दगड नाही, रंग नाही. खोक्यांमधून फिरताना माणूस बरोबर ठिकाणी जायला लागला की मगच कोरीव काम सुरू होतं. आपल्या वाटाड्यांची रीत वेगळी नाही. ‘त्या सुळक्याला उजव्या हाताला ठेवून चालत राहा’ एवढं सांगितलं की माणूस घाटाखाली पोचतो.

आणि धुकं. सह्याद्रीत एकामागे एक रांगा बघताना पहिली हिरवी, दुसरी निळसर, तिसरी करडी, शेवटची आभाळात मिसळलेली दिसते. मधल्या हवेतली वाफ आणि धूळ प्रकाश विखुरते, म्हणून लांबच्या डोंगराचा रंग उडतो. कलाकारासाठी ही लॉटरीच आहे. धुक्याने खोली कळते, कुठला डोंगर पुढे आणि कुठला मागे ते डोळ्याला फुकटात समजतं, आणि वर लांबचा माल स्वस्त वापरला तरी खपून जातो. मात्र धुकं झोडून वापरलं की सगळं चित्र ताक घुसळल्यासारखं पांढरट होतं. या गेममध्ये ते बेताने आहे. दऱ्यांत साचलेलं, माथ्यावर विरळ.

होयसळांचा दगड

आता मला खटकलेलं. खरं हळेबिडू, म्हणजे होयसळांची द्वारसमुद्र नगरी, धबधब्यांच्या दरीत नाही. ते कर्नाटकाच्या हासन जिल्ह्यात, बऱ्यापैकी सपाट शेतीच्या मुलखात, एका मोठ्या तलावाकाठी आहे. घाट तिथून पश्चिमेला. गेमने राजधानी उचलून कड्यांत नेऊन ठेवली. आकारही बदलले. गेममध्ये डोंगराएवढ्या मूर्ती आहेत. होयसळांची ताकद उंचीत नव्हती, ती बारकाव्यात होती. बेलूरचं चेन्नकेशव मंदिर १११७ चं, हळेबिडूच्या होयसळेश्वराचं काम त्यानंतर थोड्याच वर्षांत सुरू झालेलं. ही मंदिरं तारकाकृती जोत्यावर बसकी उभी आहेत, आणि त्यांच्याजवळ जावं तसतसं दिसणं वाढत जातं: दागिन्याचा मणी, मण्याची दोरी, दोरीचा पीळ. हे जमलं कारण तो दगड वेगळा होता. खाणीतून काढल्यावर मऊ, सुरीने साबण कापावा तसा, आणि हवा लागली की घट्ट होत जाणारा. २०२३ मध्ये बेलूर, हळेबिडू आणि सोमनाथपूरची मंदिरं युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत गेली.

भूगोलाची ही अदलाबदल मी एका मर्यादेपर्यंत समजू शकतो, गोष्टीला भव्यता हवी होती. पण मला जास्त विचारात पाडलं ते दुसऱ्याच एका गोष्टीने. हळेबिडूच्या जोत्यावर तळाशी हत्तींची रांग आहे, मंदिराला वळसा घालत जाणारी. हे हत्ती एका साच्यातून काढलेले नाहीत. सोंड, पाय, चालण्याचा झोक थोडा थोडा बदलत जातो. गेमचा कलाकार याच्या बरोबर उलट परिस्थितीत असतो. त्याच्याकडे खांबाचे दोन-तीन प्रकार, भिंतीचे चार-पाच तुकडे, एक कमान, एक तुटकी कमान असा संच असतो आणि त्यातून त्याला आख्खं शहर उभं करायचं असतं. खांब फिरव, अर्धा जमिनीत गाड, एकावर वेल चढव, एकाचा माथा फोड. होयसळांच्या पाथरवटाने पुनरावृत्ती टाळली; गेमच्या कलाकाराला ती लपवावी लागते. भग्नावशेष गेममध्ये इतके लोकप्रिय का आहेत याचं एक कारण इथे आहे. मोडलेली वास्तू शंभर प्रकारे मोडता येते, धड वास्तू एकसारखीच दिसते.

या पाथरवटांनी आपल्या कामाखाली नावं कोरली. सोमनाथपूरच्या मूर्तींखाली मल्लितम्म हे नाव आजही वाचता येतं. तेराव्या शतकातल्या कारागिराचं नाव आपल्याला माहीत असावं, ही भारतीय शिल्पात दुर्मीळ गोष्ट. गेम संपल्यावर नावांची लांबलचक यादी सरकते तेव्हा मला हा मल्लितम्म आठवतो. त्या यादीत फक्त गवत करणारे, फक्त पाणी करणारे, फक्त उजेडाचं बघणारे लोक असतात. परदेशी गेमसाठी खडक, दारं, गाड्या घडवण्याचं काम आता आपल्याकडेही चालतं. बंगळूरला गेली वीसेक वर्षं ते होतंय, पुण्यात युबीसॉफ्ट या फ्रेंच गेम-कंपनीचा स्टुडिओ २००८ पासून आहे.

खडकाबद्दल एक गोष्ट राहिली, आणि ती मराठी वाचकालाच सांगण्यात अर्थ आहे. आपला सह्याद्री बेसॉल्टचा. लाव्ह्याचे थर एकावर एक बसले, म्हणून आपले कडे पायऱ्यापायऱ्यांचे आणि माथे सपाट. गोव्याच्या दक्षिणेला गेलं की तो थर संपतो आणि त्याखालचा, २५० कोटी वर्षांहून जुना खडक वर येतो. तो झिजून गोलसर, पाठ वर काढलेल्या म्हशीसारखा दिसतो. ‘पश्चिम घाट’ एकच, पण डोंगराची कड दोन ठिकाणी दोन तऱ्हेची. जागेचं चित्र काढणाऱ्याला म्हणून थोडं भूशास्त्र यावं लागतं. कुठला खडक कसा फुटतो हे माहीत नसेल तर कड्याखाली पडलेले धोंडे चुकीच्या आकाराचे होतात, आणि बघणाऱ्याला कारण सांगता आलं नाही तरी काहीतरी खटकत राहतं.

तेच खोरं, पुन्हा

जानेवारी २०२२ मध्ये हा गेम प्लेस्टेशन ५ वर पुन्हा आला, ऑक्टोबरमध्ये पीसीवर. नव्या यंत्राची चित्रं काढण्याची ताकद कागदावर १.८४ टेराफ्लॉपवरून (एक टेराफ्लॉप म्हणजे सेकंदाला एक लाख कोटी आकडेमोडी) १०.२८ वर गेली होती. आता तीन पर्याय मिळतात: ४ के मध्ये ३० फ्रेम, किंवा ठिपके थोडे कमी करून ६०, किंवा १०८० पी मध्ये १२०. ४ के म्हणजे ८२,९४,४०० ठिपके, पहिल्याच्या चौपट. १२० फ्रेम म्हणजे एका चित्राला जेमतेम ८.३ मिलिसेकंद.

मी तिन्ही लावून पाहिले. ४ के मध्ये लांबच्या पानांची चुळबुळ थांबते, मनोऱ्याची कड स्वच्छ दिसते. ६० फ्रेममध्ये जीप हातात आल्यासारखी वाटते, मी शेवटी त्यावरच राहिलो. लोड व्हायला लागणारा वेळ जवळजवळ संपला, कारण आता फिरत्या डिस्कच्या जागी एसएसडी, म्हणजे चिपवरची झपाट्याने वाचता येणारी साठवण आहे. २०२२ मध्ये अनरिअल इंजिन ५ हे गेम बनवायचं सॉफ्टवेअर आलं, त्यात कोट्यवधी त्रिकोणांचं शिल्प जसंच्या तसं ठेवायची सोय आहे. त्यामुळे नॉर्मल मॅपची ती कसरत यापुढच्या दगडांना तेवढी करावी लागणार नाही.

मग मनोऱ्यावरून खाली उतरलो, वाटेच्या कडेला जीप थांबवली आणि फोटो मोडमध्ये कॅमेरा जमिनीलगत नेला. एक काळा, ओला धोंडा होता. पाच वर्षांपूर्वी होता तोच, तेवढ्याच त्रिकोणांचा असावा. वरच्या अंगाला शेवाळ, पाणी ओघळतं त्या बाजूने ते खाली उतरलेलं. पायाशी माती चढलेली, चार खडे, आणि ओल धरून उंच वाढलेला गवताचा एक झुपका. रेष कुठेच दिसली नाही.